बाटली रिती ठेवू नये

"कॅन्सर नव्हता ना? मग झालं तर!" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कुणी म्हणायला लागलं की माझी मूठ आपोआप वळते. नव्हता कॅन्सर. गळ्यात लिंबाएवढ्या गाठी होत्या, गिळताना घास अडकायचा, आडवं पडलं की श्वास लागायचा. धुळ्याच्या सर्जननी सगळी थायरॉईड ग्रंथी काढून टाकली. गाठी तपासायला पाठवल्या, त्या साध्या निघाल्या. घरच्यांच्या लेखी विषय तिथं संपला, माझ्या लेखी तिथून सुरू झाला. ग्रंथी गेली म्हणजे तिचं काम आता कुणीतरी करायला हवं, आणि ते करणार होती एक इवलीशी पांढरी गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी, मरेपर्यंत.

मी जळगावला एका शाळेत गणित शिकवते. दहावीचे वर्ग वर्षानुवर्षं माझ्याकडेच. माहेर धुळ्याचं, म्हणून ऑपरेशन तिथं केलं आणि पुढच्या तपासण्याही तिथंच. घर जळगावातच, मेहरूणला. खाली सासूबाई आणि आम्ही नवरा-बायको, वर थोरले दीर आणि जाऊबाई. स्वयंपाकघर मात्र एकच, खालचं, आणि त्यावर राज्य सासूबाईंचं. जाऊबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. मीही म्हणते.

अक्कांनाही थायरॉईड आहे. आजकाल कुणाला नाही! प्रत्येक घरात फ्रिजवर एक बाटली असतेच. अक्कांची गोळी पंचवीसची, माझी सुरुवातीला शंभरची. एकाच कंपनीच्या, आकार सारखा, रंग पांढरा. नवरा एकाच दुकानातून दोघींच्या बाटल्या आणायचा आणि त्या फ्रिजवर शेजारी शेजारी ठेवल्या जायच्या. फरक काय तो चिठ्ठीवरच्या आकड्याचा.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिना मी ठीक होते. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. सकाळी उठले की हातपाय दुसऱ्याचे वाटायचे. चेहरा सुजलेला. केस विंचरले की कंगव्यात पुंजका. आणि थंडी! जळगावच्या एप्रिलमध्ये, जिथं दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथं मी अंगावर शाल घेऊन बसायचे आणि कूलर बंद करा म्हणायचे. बाकीचे घामानं निथळत माझ्याकडे बघायचे. दीर एकदा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "इले माहेरी नको, काश्मीरले धाडा." सगळे हसले. मीही हसले असेन. तेव्हा हसायलासुद्धा मला उशीर व्हायचा, सगळ्यांचं हसून झालं की माझं यायचं.

अक्का मात्र त्याच दिवसांत फुलून आल्या होत्या. वजन उतरलं, जुने ब्लाउज सैल झाले. पहाटे उठून अंगण झाडायच्या, गच्ची धुवायच्या, दुपारी झोप येत नाही म्हणून बडबड करत माळे आवरायच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई पंचविशीतल्या सुनेसारखी जिना चढायची. आणि येता-जाता मला ऐकवायच्या, "मालेबी थायरॉईड शे ना वं. मी करस की नई बठ्ठं काम? मनवर घेवो नई, मंग काय जमत नई."

मी त्यांना समजावलं होतं. तुमची ग्रंथी जागेवर आहे अक्का, जरा आळसावली आहे इतकंच. माझी मुळात नाहीच. नळाला पाणी बारीक येणं वेगळं आणि घराला नळच नसणं वेगळं. जळगावात राहणाऱ्या माणसाला हे कळायला काय हरकत होती? पण नाही. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं की धाकटीले आते बठ्ठं करी-सवरी हातमा देनं पडस, म्हणजे सगळं आयतं.

सल्ल्यांचा तर पाऊसच. धण्याचं पाणी पी. कांचनारचा काढा घे. फ्लॉवर-कोबी सोड. मोबाईलवर रोज कुणीतरी कसला तरी व्हिडिओ पाठवायचं, त्यात एक हसरा माणूस थायरॉईड मुळापासून घालवायचा. मुळापासून तर माझी घालवलेलीच होती बाबा, आता काय घालवणार! शेजारच्या काकू म्हणाल्या, ध्यान करा, थायरॉईड म्हणजे मनात दाबून ठेवलेलं बोलणं. त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही. आज भेटल्या तर बोलेन.

तपासणीला दर दोन महिन्यांनी धुळे. बसनं एरंडोल, पारोळा करत जायचं, नवरा बरोबर. डॉक्टर रिपोर्ट बघायचे आणि कपाळाला आठ्या. टीएसएचचा आकडा वर म्हणजे औषध कमी पडतंय; तो खाली यायला हवा, तर चढलेला. "गोळी उपाशीपोटी घेता ना?" घेते. "चहा?" तासाभराने. "कॅल्शियमची गोळी बरोबर?" नाही, दुपारी जेवणानंतर. "मग असं व्हायला नको." डोस सव्वाशे केला. पुढच्या खेपेला आकडा पुन्हा वर. तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघायचे बंद झाले आणि नवऱ्याशी बोलायला लागले. "मॅडम विसरत असतील. बरेच पेशंट घेतो म्हणतात, घेत नाहीत. तुम्ही जरा लक्ष ठेवा."

मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसले होते. चाळिशी पार केलेली, वर्गात साठ पोरांना प्रमेय शिकवणारी बाई. तिला विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मग घरात लक्ष ठेवणं सुरू झालं. नवरा सकाळी फ्रिजवरची बाटली काढायचा, तळहातावर गोळी घेऊन पाण्याच्या पेल्यासकट पलंगाशी उभा राहायचा. मी गिळली की म्हणायचा, "आ कर." मी तोंड उघडायचे. "जीभ वर कर." मी जीभ वर करायचे. सासूबाई देवघरातून बघायच्या. तो वाईट माणूस नाही, हे मला सगळे सांगतात आणि मलाही ठाऊक आहे. मारलं नाही, ओरडला नाही. उलट त्याला वाटायचं की आपण बायकोची सेवा करतोय, ऑफिसात तसं सांगायचाही. पण वीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या जिभेखाली बोट घालायचं बाकी ठेवलं होतं त्यानं. त्या सकाळी मला राग यायला हवा होता. आला नाही. सगळं कापसात गुंडाळल्यासारखं, लांबून ऐकू यायचं. आता येतोय तो राग, व्याजासकट.

शाळेत एकदा फळ्यावर वर्गसमीकरणाचं सूत्र लिहायला घेतलं. जे मी झोपेत लिहीन ते. वजा बी लिहिलं आणि थांबले. पुढे काय येतं? खडू हातात, पाठीमागे वर्ग. आधी कुजबूज झाली, मग तीही थांबली. पोरांची ती शांतता मला अजून ऐकू येते, कारण ती कीव होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच पुस्तक उघडून माझ्या टेबलावर सरकवलं. मी त्यात बघून सूत्र लिहिलं.

मुख्याध्यापकांनी दहावी माझ्याकडून काढून घेतली. पाचवीचा वर्ग आणि ग्रंथालय दिलं. वर सहानुभूतीनं म्हणाले की तब्येतीपुढे काही नाही मॅडम, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा, सन्मानानं बाहेर पडलेलं बरं. घरी हे कळल्यावर जणू सगळे वाटच बघत होते. दिरांनी अर्ज लिहून आणला, त्यांचा अशा कामात हात धरणारं कुणी नाही. नवरा म्हणाला, "कशाला ओढाताण करतेस? आपल्याला काय कमी आहे?" अक्का म्हणाल्या, घर बसीसन आराम कर. आणि मी सही केली. वाचून केली असं म्हणवत नाही. पेन दिलं, जागा दाखवली, केली. अर्ज दिरांकडे राहिला, परीक्षांचं काम आटोपलं की शाळेत द्यायचा ठरला.

मी शिक्षिका झाले तेव्हा आमच्या भावकीत नोकरी करणारी पहिली सून होते. लग्नात त्याच एका गोष्टीवर मी हट्ट धरला होता. तो हट्ट घरातल्या चार माणसांनी एका दुपारी चहा पिता पिता मोडला, आणि तो मोडताना मी बशी हातात धरून होते.

सासूबाईंविषयी एक सांगायला हवं. त्यांच्या स्वयंपाकघरात कुठलीच बरणी कधी रिकामी होत नाही. मीठ संपलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. आणि वाढायच्या आत भरायचं. हळद, मीठ, तांदूळ, डाळ, बरणीचा तळ दिसला की घरात अवदसा येते असं त्या मानतात. नवं आणलेलं वेगळं ठेवायचं नाही, जुन्यात मिसळायचं, म्हणजे बरकत राहते. हे सगळं मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. आमच्याकडे धुळ्यालाही असंच होतं.

एप्रिलच्या शेवटी घरात वर्षाचा मसाला झाला. मिरच्या कांडून आणल्या, अख्ख्या गल्लीला शिंका. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बरण्या पुसून भरत बसल्या होत्या. मी शाल पांघरून स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, शाळा सकाळची होती. नुसती बघत होते. त्यांनी तिखट भरलं. हळद भरली. मेथ्यांची बरणी अर्धी होती, तिच्यात पुडीतल्या मेथ्या ओतल्या. मग हात पुसून उठल्या, फ्रिजवरून गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या काढल्या, टोपणं उघडली, उजेडाकडे धरून तळ पाहिला. एकीत भरपूर होत्या, एकीत थोड्या. भरलेलीतल्या थोड्या रितीत ओतल्या. दोन्ही सारख्या झाल्या. टोपणं लावली आणि पुन्हा जागेवर.

मला समजायला वेळ लागला. तेव्हा मला सगळंच समजायला वेळ लागायचा. त्या लसणाकडे वळल्या तेव्हा कुठं माझ्या तोंडून आलं, "आई, काय केलं तुम्ही?"

"काय करं?"

"गोळ्यांचं."

"तुनी बाटली तयले लागेल व्हती. अक्कानीमातीन थोड्या टाकी दिन्यात." आणि माझा चेहरा बघून, "कसाले इतली घाबरनी? दोन्ही थायरॉईडन्याच शेतस ना? रिती बाटली ठेवो नई घरमा."

"कधीपासून करता?"

"कधीपासून म्हंजे? नेहमीच करस."

नेहमीच. सव्वाशेची नवी बाटली आली तेव्हा शंभरच्या उरलेल्या मी बाजूला ठेवल्या होत्या, त्याही त्यांनी अक्कांच्या बाटलीत ओतल्या होत्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून. म्हणजे माझ्या बाटलीतली रोज एक गोळी माझ्या पोटात जात होती, आणि ती कधी सव्वाशेची असायची, कधी पंचवीसची, ज्या दिवशी जे नशिबात. आणि अक्कांचंही तेच, फक्त उलटं. डॉक्टर माझा डोस वाढवत होते आणि ताकद अक्कांच्या अंगात भरत होती. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच. ती झाडलेली अंगणं, धुतलेल्या गच्च्या, आवरलेले माळे, ती सगळी माझ्या गोळ्यांची कामं होती. माझ्या गोळ्या खाऊन ती बाई मला आळशी म्हणत होती!

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ओतल्या. सगळ्या सारख्या पांढऱ्या. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि खूप महिन्यांनी पहिल्यांदा रडले.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा सांगितलं. मला वाटलं होतं, आता कुणीतरी म्हणेल चुकलं. नवरा तरी म्हणेल. दीर हसायला लागले. "म्हनजे आमना घरमा धाकटीना डोसवर अक्का पयत व्हती!" मग सगळेच हसले. अक्कांचा चेहरा पडला, कारण त्यांना आपलं उतरलेलं वजन कामामुळे वाटत होतं. हाताला कंप का सुटतो आणि छाती का धडधडते हे त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात सासूबाई सगळा दोष स्वतःवर घेत रडायला लागल्या, मन्हामुळे झायं, मन्हामुळे झायं. झालं! सगळं घर त्यांच्याभोवती. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. वय झालं त्यांचं, त्यांना काय माहीत, त्यांचा हेतू चांगला होता. अक्का पदरानं त्यांचे डोळे पुसत होत्या. मी एका कोपऱ्यात उभी, अंगावर तीच शाल.

नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे ना आता. कळलं ना कारण? संपलं."

संपलं कसं? रोज सकाळी जीभ कुणी वर करायला लावली? तोच विचारत होता, गोळी घेतलीस की नाही, आणि तीच गोळी तोच त्या बाटलीतून काढून देत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच हसायचं. मी इतकंच म्हणाले, "अर्ज आण." तो म्हणाला, कसला अर्ज. "माझ्या सहीचा." दीर म्हणाले, अगं राहू दे, उद्या बघू. मी वर त्यांच्या खोलीत गेले, टेबलावरच्या कागदांतून तो काढला आणि जिन्यात उभं राहून फाडला. पायऱ्या चढताना धाप लागली होती, फाडतानाही लागली. पण फाडला. तुकडे उचलायला कुणी सांगितलं नाही आणि मी उचलले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी नवी बाटली आणली, ती तेव्हापासून माझ्या कपाटात, कुलपात. सासूबाईंना ते लागलं, घरात कुलूप म्हणजे घरातल्या माणसांवर संशय. असू दे.

गोळी बरोबर पडायला लागली तरी शरीर काही लगेच परत येत नाही, ते रुसलेल्या माणसासारखं हळूहळू बोलायला लागतं. आधी थंडी गेली. एका दुपारी मला उकडलं आणि मी आनंदानं कूलरसमोर जाऊन बसले. मग चेहऱ्याची सूज उतरली. मग सूत्रं आणि आकडे डोक्यात परत आले. आणि त्यांच्या मागोमाग, एकेक करून, सगळं आठवायला लागलं. कोण काय म्हणालं, कुठं उभं राहून म्हणालं, हसलं कसं. ते सगळं मी ऐकलं तेव्हाच होतं, फक्त राग आता पोचला. मी बोलायला लागले. दिरांना त्यांच्या विनोदाचं उत्तर तिथल्या तिथं मिळायला लागलं. अक्कांनी एकदा "मालेबी थायरॉईड शे" सुरू केलं, तर मी म्हटलं, अक्का, तुमचा किती आणि माझा किती ते आता दोघींनाही माहीत आहे. नवऱ्याला सांगितलं, सकाळी मी उठायच्या आत खोलीतून बाहेर पडत जा, मला तू पेला हातात धरून उभा असलेला आठवतोस. मुख्याध्यापकांना सांगितलं की जूनमध्ये दहावी मला परत हवी, ते अवघडून बघू म्हणाले. मी म्हटलं, बघू नका, द्या.

जूनमध्ये धुळ्याला गेलो. नवरा बरोबर होता, त्याला यायचंच होतं. डॉक्टरांना बाटल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा तेही हसले, आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणजे, असं काहीतरी म्हणाले. मला दोष दिला होता ते त्यांना आठवलं नाही. मग त्यांनी नवा रिपोर्ट उघडला. आकडा जिथं हवा तिथं, बरोबर मध्यावर. "उत्तम," ते म्हणाले. "हाच डोस चालू ठेवा."

तेव्हा नवरा खुर्चीत पुढे सरकला आणि काळजीच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, बाकी सगळं छान आहे. पण आता फार चिडते हो. आईशी नीट बोलत नाही, घरात सगळ्यांना तोडून बोलते. अशी नव्हती ती. गोळी जरा जास्त होत असेल का? थोडा डोस कमी करता आला तर..."

डॉक्टरांनी पुन्हा रिपोर्टकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं, आणि पेन उचललं. "तसं करून बघता येईल. शंभरवर आणू या?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. चांगल्या चाललेल्या बाईला पुन्हा त्या कापसात गुंडाळायचं, घर शांत राहावं म्हणून, आणि त्याला नाव औषधाचं. दोघांचेही चेहरे किती समजूतदार होते!

मी हात पुढे केला आणि डॉक्टरांसमोरचा रिपोर्ट माझ्याकडे ओढला.

"आकडा बरोबर आहे असं तुम्हीच म्हणालात," मी म्हणाले. "औषध कमी पडत होतं तेव्हा मला राग येत नव्हता. तेव्हा हे दाखवतील तिथं मी सही करत होते. ह्यांना ती बाई परत हवी आहे. ती आजारी होती, डॉक्टर. चिडते ती मी आहे."

डॉक्टरांनी सव्वाशे लिहिलं. परतीच्या बसमध्ये नवऱ्यानं चिठ्ठीसाठी हात पुढे केला, मी ती घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली.